सुनेचा खुराक

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपायानं दारातूनच सांगितलं, "बाई, घरनं फोन हाय, लगीच या म्हनत्यात." ऑफिसपर्यंत जाताना मी मनाशी धरून चालले होते की सासूबाईंचंच काहीतरी झालं असणार, कारण आमच्या घरात बीपी त्यांना, गोळ्या त्यांना आणि दवाखानाही त्यांनाच. सासऱ्यांना काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण गेले ते सासरेच. जेवले, भाकरी नेहमीसारखी आमटीत कुस्करून खाल्ली, सोप्यात आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले आणि बसल्याबसल्या गेले. मी पोचले तेव्हा चष्मा अजून नाकावरच होता. वय ऐंशीच्या घरात आलं होतं. त्यांना कुणी धरून उठवावं लागलं नाही, कुणाच्या हातून पाणी प्यावं लागलं नाही... खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. असल्या ताठ माणसाला अंथरुणात पडून राहिलेलं मला बघवलं नसतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्याकडची तशी रीतच आहे. कोल्हापूरच्या आमच्या पेठेत मात्र मामा म्हणजे 'वस्ताद'. तालमीत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं पोरांना कुस्ती शिकवली. कान चुरगळलेले, मान खांद्यात बसलेली आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला खाकरले की त्या टोकाची पोरं अभ्यासाला बसायची. पोरं त्यांच्याकडं डावांसाठी यायची त्याहून जास्त खुराकासाठी यायची. कुणाला किती दूध, किती बदाम, किती तूप हे मामा नुसत्या नजरेनं ठरवत आणि त्यांनी ठरवलेला खुराक घेतलेला गडी तीन महिन्यांत ओळखू यायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. घराच्या परड्यात दोन म्हशी कायम दावणीला असत.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी मलकापुराहून या घरात सून होऊन आले. वजन अठ्ठेचाळीस किलो. माझे वडील शिक्षक, घरात सगळेच शेलाटे. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मी पाया पडले, तेव्हा मामा माझ्याकडं न बघता आत्याबाईंना म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पन अंगात काय न्हाय. वारं सुटलं तर जाईल की उडून." हे मी समोर उभी असताना. मामा सुनेशी थेट बोलत नसत. माझ्यासाठीचा प्रत्येक शब्द आत्याबाईंच्या मार्फत यायचा, "तिला म्हणावं" असं सुरुवातीला लावून. तिसऱ्या दिवशी असंच फर्मान आलं, "तिला म्हणावं, दूध पी."

दूध म्हणजे पितळी तांब्याभर, धार काढल्याकाढल्या, फेसासकट. ते संपेतो कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई. भाकरीवर तुपाची वाटी उपडी, दुपारी डिंकाचा लाडू, बुधवारी आणि रविवारी मटण. थंडाई मामा स्वतः घोटायचे. सून म्हणून घरात आलेल्या पोरीसाठी एवढा नावाजलेला वस्ताद सकाळी उठून बदाम घोटतो, याचं सगळ्या पेठेला कौतुक. मलाही होतं. मूल व्हायचं तर आईच्या अंगात ताकद पाहिजे, आणि ताकद कशानं येते हे मामांपेक्षा जास्त कुणाला कळणार? अंग भरू लागलं तसं माहेरी आईसुद्धा खूश झाली. "सासर मानवलं गं तुला," म्हणाली. आमच्या भागात बाईला 'तब्येत केली' म्हणणं हे कौतुकच असतं. तीन वर्षांत मी ब्याऐंशी किलोची झाले. शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून, फळ्यावरची सूचना वाचत असल्याचं सोंग करायला शिकले.

याच दिवसांत माझी पाळी चुकायला लागली. कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. ही तक्रार कुणाकडं करायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, चार दिवस बाजूला बसण्याची कटकट वाचते म्हणून मी मनातून थोडी सुखावलेच होते. पण घरात सासूचे डोळे असतात. पहिल्यांदा दोन महिने उलटून गेल्यावर आत्याबाईंनी मला देवघराशी नेऊन पाळी आली का म्हणून हळूच विचारलं, आणि मी नकारार्थी मान हलवल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणाला सांगायचं नाही, तीन महिने उलटेतो दवाखान्यातही जायचं नाही, दृष्ट लागते. तिसरा महिना लागल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि कुणाला कळू न देता माझी ओटी भरली. चोरओटी म्हणतात तिला. हिरवी चोळी, खण, नारळ. त्या दिवसापासून खुराक दीडपट झाला, कारण आता दोन जिवांचं खाणं. मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ते थंडाई घोटता घोटता गुणगुणायला लागले होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात शाळेतच मला रक्तस्राव सुरू झाला. घरी येऊन पडले. आत्याबाईंनी "ऱ्हायलं न्हाय गं," म्हणून मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच, पुन्हा चोरओटी, पुन्हा रडणं. त्यानंतर बायका माझ्यासमोर बोलताना थांबायला लागल्या. कुणाचं बारसं असलं की मला आमंत्रण यायचं, पण पाळण्याच्या दोरीला हात लावायला कुणी बोलवायचं नाही. मी मनातल्या मनात त्या दोन बाळांना नावं ठेवली होती. ती कुणालाच सांगितली नाहीत, ह्यांनाही नाही. ह्यांचा स्वभाव तसा मऊ, पण वडिलांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला अक्षरशः हाताला धरून एका डॉक्टरबाईंकडं पाठवलं. पहिल्या भेटीत तपासणी, रक्त, सोनोग्राफी झाली आणि ह्यांचीही तपासणी करा असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ती ह्यांनी मुकाट्यानं करून घेतली, सगळं ठीक निघालं. दुसऱ्या भेटीला आत्याबाई बरोबर आल्या आणि का कोण जाणे, मामाही आले. ते आत आले नाहीत. दाराशेजारच्या बाकावर काठी धरून बसले, पण दार होतं अर्धवट उघडं. डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी सांगायला लागले. थंडाईपर्यंत आले तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं. "हा खुराक तुमचा की घरातल्या पैलवानाचा?" आत्याबाई हसल्या. बाहेर बाकावर काठी सरकल्याचा आवाज आला.

मग त्या सावकाश समजावत गेल्या. अंगावर चरबी बेसुमार वाढली की शरीरातल्या संप्रेरकांचं गणित बिघडतं. बीज महिन्याच्या महिन्याला तयार होऊन सुटत नाही आणि म्हणून पाळी लांबते. पाळी लांबली म्हणजे दिवस गेलेच असं नव्हे. सगळ्याच जाड बायकांना हा त्रास होतो असं नाही आणि बारीक बायकांनाही मूल न होण्याची शंभर कारणं असतात, पण माझ्या बाबतीत कारण समोर दिसत होतं. असंच वजन घेऊन दिवस राहिले तर पुढं साखर आणि रक्तदाबाचा धोका, तो आणखी वेगळा. मी विचारलं, "मग ती दोन... जी राहिली नाहीत, ती?" त्यांनी माझ्याकडं तेव्हाचे कागद मागितले. तेव्हा तपासणी कुणी केलीच नव्हती, कागद कुठले असणार! "शंभर टक्के खात्री आज कुणीच देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही सांगताय त्यावरून मला वाटतं, दोन्ही वेळा दिवस गेलेच नव्हते. पाळी उशिरा आली, एवढंच."

ते ऐकून मला काय वाटलं हे आजही नीट सांगता येत नाही. दोन वर्षं मी दोन बाळांची आई होते, ती गमावलेली. आणि आता कळलं की कुणी गेलंच नव्हतं. माझ्या पोटानं कुणाला टाकलं नव्हतं. मी त्या खुर्चीत बसून अशी हसले की डॉक्टरबाईंना वाटलं मला धक्का बसला. त्यांनी पाणी मागवलं. आत्याबाई मात्र पदर तोंडाला लावून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "म्हंजी आमीच गं, आमीच..."

बाहेर आले तर मामा रिक्षात जाऊन बसलेले. मला वाटलं होतं, आज ते काहीतरी बोलतील. थेट नाही तर निदान आत्याबाईंच्या तोंडून, "तिला म्हणावं, माझं चुकलं." पेठेत माझ्या कुशीबद्दल काय बोललं जात होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या एका वाक्यानं माझ्यावरचा तो आळ उतरला असता. मी त्या वाक्याची वाट त्या दिवशी बघितली, त्या आठवड्यात बघितली, आणि पुढं बारा-तेरा वर्षं बघत राहिले. ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पितळी तांब्या आला नाही, फर्मान आलं. "तिला म्हणावं, पायात चपला घाल." उजाडत होतं. मामा दारात उभे. मी पदर सावरून बाहेर पडले आणि ते चालू लागले, रंकाळ्याच्या दिशेनं. सासऱ्याच्या शेजारून सुनेनं चालायचं नाही, म्हणून ते वीस पावलं पुढं आणि मी मागं. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. मी दमून मागं पडले की त्यांना कसं कळायचं देव जाणे, ते थांबून तळ्याकडं बघत उभे राहायचे, माझ्या चपलांचा आवाज जवळ आला की पुन्हा चालू. फिरायला येणारे लोक वळून वळून बघायचे. "वस्ताद, सुनंला जोड लावायची काय कुनाशी?" असं एकानं विचारलं, तर मामा म्हणाले, "तुज्याशीच लावतो, ये. पैल्या डावाला चितपट हुशील." मी मागच्या मागं पदरात हसले.

पण वस्ताद तो वस्तादच. पैलवानाचं वजन उतरवायची एकच तऱ्हा त्यांना ठाऊक होती. रात्रीचं जेवण बंद, पाणी मोजून आणि भर उन्हात घोंगडी पांघरून बसायचं. कुस्तीच्या आदल्या आठवड्यात ते पोरांना असंच वाळवत. चार दिवस मी निमूट सोसलं, पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मैदानात आडवी झाले. डॉक्टरबाईंनी या खेपेला मामांनाच आत बोलावलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. "तुमचा पैलवान एका दिवसासाठी वजन उतरवतो, वस्ताद. हिला जन्मभरासाठी उतरवायचंय. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ." आयुष्यात कुणी त्यांना असं सुनावलं नसेल. मामा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "भाकरी किती?" डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि त्यांनी ते मनात लिहून घेतलं. त्यानंतर घरात भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक असा बेत सुरू झाला आणि आश्चर्य म्हणजे तो सगळ्यांनाच लागू झाला. मामांनी स्वतःच्या पानातलं तूप बंद केलं. दर महिन्याला तालमीतला वजनकाटा रिक्षात घालून घरी यायचा, कारण बाईनं तालमीत पाऊल टाकायचं नाही. काटा सोप्यात मांडून मामा अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहायचे. आत्याबाई आकडा वाचून ओरडून सांगायच्या आणि बाहेरून हुंकार यायचा.

पहिले तीन-चार महिने काटा जेमतेम हलला. अशातच मामांच्या थोरल्या बहीण, कबनूरच्या अक्का आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी सोप्यात बसून विषय काढला. मी आत भांडी आवरत होते, पण अक्कांना हळू बोलता यायचंच नाही. "चार वर्सं झाली की रं. पोरगी वाईट हाय असं कोन म्हनतंय? पन घराला दिवा नगं व्हय? एक सोयरीक बघून ठेवलीया. हिला बी ऱ्हाऊ दे, तिला बी आन." ह्यांनी "आत्या, काय बोलतीस!" एवढं म्हटलं. मी मामांच्या आवाजाची वाट बघत हातातलं ताट तसंच धरून उभी होते. मामा उठले, पायात चपला सरकवल्या आणि तालमीकडं निघून गेले. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात मलकापूरची बॅग भरून टाकली. नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो, असाच अर्थ मी काढला.

सकाळी बघते तर मामा दारात उभे, नेहमीसारखे. आम्ही रंकाळ्याला गेलो, आलो. दुपारच्या एसटीनं अक्का कबनूरला गेल्या आणि त्यांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा मी चौऱ्याहत्तरवर आले होते. फार नाही, आठ किलो. कुणी बघून ओळखलंही नसतं. पण शरीराला पुरेसं झालं असावं. पाळी तीस दिवसांनी आली, मग पुन्हा तीस दिवसांनी. आत्याबाई कॅलेंडरवर हळदीचं बोट टेकवायच्या. ज्या घरात पाळी आली म्हणून दोनदा रडारड झाली, त्याच घरात ती वेळेवर आली की "आली व्हय? बरं झालं बाई!" म्हणून सासू निवांत चहा प्यायची. पुढं एका महिन्यात हळदीचं बोट टेकवायला दिवसच सापडला नाही. पण या वेळी आम्ही दृष्टीबिष्टीच्या भानगडीत न पडता आधी तपासणी केली, मगच रडलो. आनंदानं. डॉक्टरबाईंनी नऊ महिने साखर आणि बीपीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. सिझेरियन झालं, पण गौरी धडधाकट आली. मामांनी बाहेरून निरोप धाडला, "तिला म्हणावं, झक्कास." माहेराहून डिंकाच्या लाडवांचा डबा आला, तेव्हा त्यांनी तो उघडू दिला नाही, "पैलं डॉक्टरीनबाईस्नी इचारून या, किती खायाचं."

असे हे मामा. मी त्यांच्यावर माया केली, त्यांची सेवाही मनापासून केली. पण ते न आलेलं वाक्य मनात कुठंतरी टोचत राहिलंच. सगळं केलं, पण चुकलो म्हणाले नाहीत... ते गेल्यावरही माझ्या मनात हाच हिशेब होता, आणि त्याची मला लाजही वाटत होती.

दहाव्यानंतर भेटायला येणारे येत होते. त्यात गडमुडशिंगीचे एक म्हातारे पैलवान आले. मामांचे जुने पठ्ठे, गुडघे गेलेले. मी चहा दिला. गौरी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तसं त्यांनी तिला जवळ बोलावून निरखलं आणि म्हणाले, "हीच व्हय ती नात? हिच्यापायी वस्तादांनी आखाड्यात मान खाली घातलेली."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुमास्नी ठावं न्हाय?" ते चकितच झाले. "कबनूरच्या अक्का आल्यावत्या बघा, तवाची गोष्ट. सांजचं जोडी लागलेल्या. वस्ताद आलं, म्हनलं, थांबा. समदे थांबलो. ज्या पोरीची सोयरीक आनलीवती, तिचा चुलता बी तितंच बसल्याला. वस्तादांनी आखाड्याची माती मुठीत घेतली आन् म्हनलं, माज्या सुनंत खोट न्हाय. खोट माज्या खुराकात हाय. म्या तिला पैलवानावानी चारलं, आन् नाव तिचं खराब झालं. चूक माजी हाय. हितनं म्होरं तिचं नाव कुनी घेटलं, तर त्येची गाठ माज्याशी." म्हाताऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "वस्तादांचा खुराक म्हंजी देवाचा परसाद हुता वो आमाला. आन् तेनीच म्हनलं, मला कळत न्हाय म्हनून. निम्मी पोरं दुसऱ्या तालमीत गेली की. पन वस्ताद काय हाललं न्हाईत."

मी तशीच आत गेले. आत्याबाई चुलीपुढं बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी बाहेरचं सगळं ऐकलं असणार.

"आत्याबाई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"नगं म्हनलेलं." त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "गावापुढं मान खाली घालायची त्यास्नी लाज न्हाय वाटली. तुज्यापुढं वाटायची."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि रडले, आणि रडताना मला इतकं मोकळं वाटत होतं की आत्याबाईंनीही मला गप्प केलं नाही.